आठ महिन्यांच्या लॅबला (लॅब्राडोर कुत्र्याला) खेळायला कोणता बॉल द्यावा?

तुमचा लॅब आठ महिन्यांचा झालाय, बॉल दिसला की वेडा होतो, मग मुलांचा क्रिकेटचा टेनिस बॉल चालेल का, की ऑनलाइन मिळणारा महागडा रबरीच घ्यावा, असं तुम्ही सोलापूरहून विचारलंय. मी जनावरांचा डॉक्टर नाही. घरात एक लॅब आणि एक गावठी कुत्री आहे, दोघांचे बॉल मीच आणतो, त्या अनुभवावरून आणि डॉक्टरांकडून वेळोवेळी ऐकलेल्यावरून लिहितोय.

आधी साइज बघा. ब्रँड, रंग, किंमत सगळं नंतर. बॉल सुळ्यांच्या मागे जाऊन बसता कामा नये; कुत्र्याने तोंडात धरला तरी बराचसा बाहेर दिसला पाहिजे. टेनिस बॉलचा व्यास ६.५४ ते ६.८६ सेंटिमीटर असतो. लहान चणीच्या कुत्र्याला तो जेमतेम तोंडात मावतो, पण पूर्ण वाढलेल्या लॅबच्या किंवा जर्मन शेफर्डच्या घशात नेमका अडकेल एवढाच तो आहे. त्यात लाळेने बुळबुळीत झालेला आणि उडी मारून हवेत झेललेला असेल तर सरळ मागे घसरतो. तुमच्या लॅबला साडेसात सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा घ्या. पिल्लू असताना आणलेले चिमुकले बॉल अजून सोफ्याखाली असतील तर ते आजच काढून टाका. घरात दोन कुत्री असतील तर माप मोठ्याच्या तोंडाचं धरायचं. आमच्या गावठीला तिचा बॉल थोडा मोठा पडतो, ती तो ढकलत आणते, पण लॅबच्या हाती लागला तरी काळजी नसते.

मग कडकपणा. आठव्या महिन्यात त्याचे दुधाचे दात जाऊन कायमचे ४२ दात आलेले असतात आणि यातला एक तुटला तर पुन्हा येत नाही. बॉल अंगठ्याच्या नखाने दाबून बघा, थोडा तरी दबला पाहिजे. किंवा स्वतःच्या गुडघ्याच्या वाटीवर आपटून बघा. तुम्ही कळवळलात तर तो बॉल दुकानातच ठेवा. या हिशोबात सीझन बॉल लगेच बाद होतो. १५६ ते १६३ ग्रॅमचा तो गोळा, वर चामडं, आत कॉर्क आणि गुंडाळलेला दोरा. दाढ फुटली नाही तर दोरा पोटात जातो.

आता टेनिस बॉल. फेकायला चालतो, चघळायला चालत नाही, आणि लॅबच्या बाबतीत आधी सांगितलेलं साइजचं पथ्य आहेच. त्यावरची लव मऊ दिसते, पण तिच्यात माती-रेती अडकली की ती पॉलिशपेपरचं काम करते, आणि रोज चघळणाऱ्या कुत्र्याचे सुळे काही वर्षांत बोथट होतात. आपल्याकडच्या मुरमाड मैदानावर तर बॉल पहिल्या फेकीतच माखतो. दुसरं म्हणजे जबड्यात जोर असलेला कुत्रा तो मधोमध फोडतो आणि ती अर्धी वाटी गिळायला जातो. गल्लीतल्या क्रिकेटचा टेप मारलेला बॉल मात्र बिलकुल देऊ नका, टेप सुटून पोटात जाते.

महागडा घ्यायचाच असेल तर नैसर्गिक रबराचा, भरीव किंवा जाड भिंतीचा घ्या. पोकळ असेल तर त्याला भोकं किती आहेत ते बघा. दोन हवीत. एकच भोक असलं की चाटता चाटता आत निर्वात पोकळी तयार होते, जीभ आत ओढली जाते, सुजते आणि मग बाहेर निघत नाही. असं झालं तर ओढाताण न करता तसंच दवाखान्यात न्यायचं. काँग या ब्रँडच्या पोकळ रबरी खेळण्यासारख्या खेळण्यात खाली मोठं आणि वर छोटं अशी दोन भोकं असतात; नक्कल घेताना वरचं भोक खरंच आरपार आहे का ते बघून घ्या. त्यात काहीतरी भरून द्यायचं असेल तर साधं दही, भात, शिजवलेला भोपळा भरा. पीनट बटर भरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का ते वाचा, ते कुत्र्याला विष आहे. आणि सोलापूर आहे म्हणून सांगतो, घरात शेंगाचटणीचा डबा असणारच, पण तिच्यात लसूण असतो. तीही नको.

इथे काय मिळेल? स्टेशनरीच्या दुकानातले दहा-वीस रुपयांचे पातळ प्लास्टिकचे बॉल चावल्यावर धारदार चिरफळ्या होतात, ते सोडा. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली की होम मैदानावर उजेड पडणारे, उसळणारे बॉल ढिगाने विकायला असतात आणि मुलं हट्टाने घेतात. त्यांच्या आत बटणासारखा सेल असतो. तो अन्ननलिकेत अडकला तर काही तासांतच आतून भाजतो. माझ्या मते या यादीत सगळ्यात घातक हाच, आणि तो मुलांच्या खोलीतून येत असल्यामुळे आपलं लक्षही नसतं. त्यापेक्षा खेळाच्या सामानाच्या दुकानात जाऊन मोठा, मऊ रबराचा बॉल हातात घेऊन दाबून बघा. वासच डोक्यात गेला तर परत ठेवा.

जुन्या टर्किश टॉवेलला गाठी मारून देण्याची आपल्या गावात पद्धतच आहे, टॉवेलला काय तोटा! ओढाओढी खेळायला चांगला आहे, पण तुम्ही समोर असतानाच. टॉवेलचा किंवा रस्सीच्या खेळण्याचा लांब धागा गिळला आणि त्याचं एक टोक कुठे अडकलं, तर नाडी ओढल्यावर परकराच्या चुण्या पडतात तसं आतडं त्या धाग्यावर गोळा होतं आणि चिरलं जातं. शी करताना मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, डॉक्टरांकडे जा.

काठी फेकू नका. जुळे सोलापूरकडच्या मोकळ्या प्लॉटवर हाताला लागते ती बहुतेक वेड्या बाभळीची, काट्यांसकट. काटे नसले तरी जमिनीत रुतलेल्या काठीवर कुत्रा धावत आला की टोक टाळूत किंवा घशात घुसतं.

फेकताना बॉल जमिनीलगत, सरपटत जाईल असा फेका. तुमच्या लॅबची हाडं अजून वाढतायत, मोठ्या जातींत ती वाढ वर्ष-दीड वर्षापर्यंत चालते. उंच उडी मारून वळत खाली येणं त्याच्या गुडघ्यांना आत्ता झेपणारं नाही. आणि वेळ किती खेळायचं ते तुम्ही ठरवा, कारण लॅब थांबत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सूर्य वर यायच्या आत खेळ आटपा. संध्याकाळी डांबर थंड झालंय का ते तळहात टेकवून बघा. जीभ रुंद होऊन लोंबायला लागली, लाळ चिकट झाली, पाय अडखळले की खेळ बंद, सावली, अंगावर साधं पाणी, पंखा आणि दवाखाना.

खेळ संपला की बॉल तुमच्या खिशात. माझ्या घरी हा एकच नियम कडक आहे. चघळायला वेगळं खेळणं द्या, बॉल त्याच्याजवळ पडून राहिला की तो फोडायच्याच मागे लागतो. दर दोन-चार दिवसांनी बॉलवर चीर, सुटलेला तुकडा दिसतोय का ते बघा. दिसला तर फेकून द्या, कितीही महाग असो.

बॉल घशात अडकलाच आणि श्वास येत नसेल तर बोटं आत खुपसू नका, तो आणखी मागे जातो. कुत्र्याला उताणं किंवा कुशीवर घ्या, गळ्यावर बाहेरूनच हाताला बॉल लागतो, त्याच्या मागे दोन्ही अंगठे ठेवून तोंडाच्या दिशेने जोरात ढकला. दुसऱ्या कुणाला तेवढ्यात जबडा उघडा धरायला सांगा. निघाला तरी डॉक्टरांना दाखवा. आणि तुकडा गिळल्याची शंका असेल, उलट्या होत असतील, खाणं सुटलं असेल तर थांबू नका. रबर एक्स-रेमध्ये पुष्कळदा नीट दिसत नाही, म्हणून बॉलचा उरलेला भाग पिशवीत घालून सोबत न्या. किती तुकडा गेलाय ते डॉक्टरांना त्यावरून कळतं.