घाटातलं हवामान कुठे बघायचं?

प्रश्न: जुलैत जुहूहून पुण्याला हेलिकॉप्टर न्यायचंय, मी नवीन पायलट. फोनमध्ये चार-पाच वेदर ॲप आहेत, भरवसा कुठल्यावर ठेवू?

उत्तर: विंडीसारखे रंगीत नकाशे आदल्या रात्री अंदाज घ्यायला ठीक, पण निघायचं की नाही ते त्यावर ठरवू नका हो. हवामान खात्याचं ब्रीफिंग, मुंबई-पुण्याचे मेटार (विमानतळावरच्या आत्ताच्या हवामानाची नोंद) आणि टॅफ (तिथला पुढच्या काही तासांचा अंदाज), मग रडार, असं बघा. आणि एक, मेटारमधली ढगांची उंची त्या विमानतळापासून मोजलेली असते, म्हणजे मुंबईत ढग २००० फुटांवर म्हटलं की मोकळं वाटतं, पण लोणावळाच साधारण तेवढ्या उंचीवर आहे ना, तिथे तोच ढग रस्त्यावर बसलेला असू शकतो! लोणावळ्यात कुणी ओळखीचं असेल तर सरळ फोन करून डोंगर दिसतोय का विचारा.