रस्सा कोणी केला?

प्रिय सई,

काल फोनवर तू विचारलेल्या प्रश्नाला मी "नंतर सांगते" म्हणाले, कारण इथे बर्मिंगहॅममध्ये माझी कामावर निघायची वेळ झाली होती आणि प्रश्न काही दोन वाक्यांत उरकण्यासारखा नव्हता. आज्जीबरोबर मालिका पाहताना मसाल्याची जी जाहिरात लागते, तिच्यात नथ घातलेली सून मटणाचा रस्सा करते, घरातले पुरुष पंगतीला बसून जेवतात आणि एक सिनेनट येऊन वाटी तोंडाला लावतो. पण आपल्या गल्लीत त्र्यंबोलीच्या यात्रेला तर पातेल्यापाशी काका आणि तालमीतली माणसे होती, मग यातली खरी मराठी रीत कोणती, असे तू विचारलेस.

तू पाहिलेस ते खरेच आहे. आषाढात पंचगंगेचे नवे पाणी वाजतगाजत त्र्यंबोलीच्या टेकडीवर नेतात आणि गल्लीत विटांच्या चुलीवर मटण शिजते, तेव्हा कांदा चिरण्यापासून मीठ चाखण्यापर्यंत सगळा कारभार पुरुषांचा असतो. एरवीही कोल्हापुरात चार मित्र वर्गणी काढून कुणाच्या तरी शेतावर जातात आणि तांबडा-पांढरा स्वतः रांधतात. त्याला रस्सा मंडळ म्हणतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला आपल्यासारखा रस्सा दुसऱ्या कुणाला जमत नाही याची खात्री असते. मग जाहिरातीत हा पुरुष का नाही? जाहिरात करणाऱ्यांना तो ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. पण महिन्याच्या किराणा मालात मसाल्याचे पाकीट टाकायचे की नाही, हे वर्षातून दोनदा मटण करणारा काका ठरवत नाही. रोज ओट्यापाशी उभी राहणारी बाई ठरवते, आणि जाहिरात तिच्याशी बोलते आहे.

ती जाहिरात मी फोनवर शोधली आणि आवाज बंद करून चार वेळा पाहिली. तूही एकदा तशी पाहा. गोष्ट एवढीशी आहे: रस्सा सासूबाईंच्या हातच्यासारखा होत नाही ही अडचण, पाकीट हा तोडगा, आणि शेवटी शाबासकी. सून सगळा वेळ पडद्यावर आहे, पण तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. कॅमेरा तिच्या हिरव्या बांगड्यांवर राहतो, फोडणीवर राहतो, आणि तिचा चेहरा आपल्याला दिसतो तो नेमका खाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत ती थांबलेली असताना. निकाल देतात सासूबाई आणि तो नट. पाकिटाचे गुण सांगणारा आवाजही पुरुषाचाच. राहता राहिली नथ! नथ घालून फोडणी देणारी बाई आपल्या घरात तरी मी पाहिलेली नाही. ती लग्नाकार्यात आणि गौरीच्या दिवशी निघते. पण तीस सेकंदांत "हे मराठी घर" असे सांगायचे तर नथ, काठपदराची साडी आणि पितळी भांडी यांच्याएवढी सोपी खूण दुसरी नाही.

नटाचे काम वेगळे आहे. पडद्यावर त्याने रांगडा पैलवान रंगवला, म्हणून त्याला तिखटातले कळते असे आपण नकळत धरून चालतो, आणि जाहिरातीला नेमका तेवढाच विश्वास उसना हवा असतो. ही युक्ती जुनी आहे; १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या, तेव्हापासून आपल्याकडे साबणाला तारकेचा चेहरा लागू लागला. आता निदान २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी त्या चेहऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चवीची फुशारकी मात्र कुठल्या कायद्यात मोजायची!

बाई कशी दिसावी हे दुसऱ्यांनी ठरवण्याची सवयही आपल्याला दूरचित्रवाणीने लावलेली नाही. खासबाग मैदानाशेजारच्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे, त्या केशवराव भोसल्यांनी लहान वयात स्त्री-भूमिका केल्या होत्या, आणि बालगंधर्वांची नेसण आणि केशरचना पाहून घरंदाज बायका तशा राहू लागल्या होत्या, म्हणजे पुरुषाने रंगवलेली बाई पाहून खऱ्या बायका नटत होत्या. मला यात बालगंधर्वांचा दोष दिसत नाही, पण त्या जाहिरातीतली सून पाहताना ही गोष्ट आठवते खरी.

माझ्या लहानपणी सर्फच्या जाहिरातीत ललिताजी होत्या. कविता चौधरी यांनी ते काम केले होते. आडून एक पुरुषी आवाज त्यांना स्वस्त पावडरीचे विचारायचा आणि त्या ठणकावून उत्तर द्यायच्या. धुणे त्यांच्याच वाट्याला होते, हे आज खटकते; पण त्यांना नाव होते, हिशेब कळत होता आणि शेवटचा शब्द त्यांचा होता. पुढे २०१४ साली एअरटेलच्या जाहिरातीत बाई ऑफिसात नवऱ्याची साहेब झाली आणि घरी येऊन पुन्हा त्याच्यासाठी स्वयंपाकाला लागली, तेव्हा बराच वाद झाला. २०२२ मध्ये जाहिरात क्षेत्राच्या मानक परिषदेने नियम केले, त्यांचा अर्थ असा की बाई स्वयंपाक करताना दाखवायला हरकत नाही, पण ते काम फक्त बाईचेच असे सुचवू नये.

आता काकांच्या पातेल्याकडे परत येऊ, कारण त्यांनाही मी इतक्या सहज सोडणार नाही. त्यांच्या रश्श्याचे कौतुक गल्लीभर झाले असेल. पण त्याला जो लाल तवंग होता, तो आज्जीच्या कांदा-लसूण चटणीचा. मे महिन्यात ती गच्चीवर मिरच्या वाळवते, जावेला घेऊन त्यांची देठे खुडते, खोबरे, तीळ, धणे वेगवेगळे भाजते आणि तोंडाला पदर बांधून मसाला कुटणाऱ्या डंकावर आपला नंबर येईपर्यंत उभी राहते. लहानपणी मी तिच्याबरोबर जायची आणि शिंकून शिंकून बेजार व्हायची. घरी आल्यावर ती त्यात कांदा-लसूण मळते आणि वर्षाची चटणी बरणीत भरते. त्या दिवशी तिला कोणी वाटी उंचावून दाद दिल्याचे मला आठवत नाही.

यात्रेच्या रात्री आधी तुम्हा मुलांना अळणी, म्हणजे तिखट न घातलेले मटणाचे पाणी, मिळाले, मग पुरुषांची पंगत बसली, एवढे तू सांगितलेस. पातेली कोणी घासली आणि आज्जी किती वाजता जेवली, ते राहिले. तिला विचारून कळव.

तुझी,
आई