क्वांटम, बिटकॉइन आणि बेवारस धनाचा धर्म

काका म्हणतात क्वांटम कॉम्प्युटर आला की बिटकॉइन एका रात्रीत शून्य होणार आणि हा हावरटांना देवाने दिलेला दणका असेल, तर यात तथ्य किती आणि कॉइन ठेवणं पाप आहे का, असं विचारलंय तुम्ही. आधी तांत्रिक बाजू उरकतो, काकांशी बोलताना तीच कामाला येईल.

मायनिंग, म्हणजे नवे कॉइन काढणं, चालतं शा-२५६ हॅशवर (उलटा न फिरवता येणारा गणिती ठसा), तिथे क्वांटमची फारशी डाळ शिजत नाही. गोम आहे ती कॉइन खर्च करताना लागणाऱ्या डिजिटल सहीत. पीटर शोरने १९९४ मध्येच दाखवलंय की पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर असेल तर पब्लिक कीवरून (सही तपासायची उघड किल्ली) प्रायव्हेट की (सही करायची गुप्त किल्ली) काढता येते. पण पुरेसा मोठा म्हणजे लाखांच्या घरात क्युबिट (क्वांटम कॉम्प्युटरचे मूळ घटक), आणि डिसेंबर २०२४ मधल्या गूगलच्या विलो चिपमध्ये होते १०५. म्हणजे उद्या सकाळी काही होत नाही. तरी निवांत बसायचंही कारण नाही, आरएसए-२०४८ हे दुसरं एक डिजिटल कुलूप फोडायला २०१९ मध्ये २ कोटी क्युबिट लागतील असं म्हणत होते, २०२५ मध्ये तोच अंदाज १० लाखांच्या आत आला.

धोका सगळ्यांना सारखा नाही हे मात्र काकांना नक्की सांगा. नेहमीचा पत्ता हा पब्लिक कीचा हॅश असतो, त्यावरून खर्च करेपर्यंत की झाकलेली राहते, एकदा पाठवलंत की ती चेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या जाहीर वहीत, कायमची उघडी (टॅपरूट या नव्या प्रकारच्या पत्त्यांत तर पहिल्यापासूनच उघडी). अगदी सुरुवातीचे कॉइनही असेच उघडे, त्यात बिटकॉइनचा निर्माता सातोशी याचे मानले जाणारे अंदाजे ११ लाख, ५०-५० च्या गठ्ठ्यांत, आजतागायत जागचे हललेले नाहीत. आता देवाचा न्यायच म्हणायचा तर पहिला फटका रात्रंदिवस ट्रेडिंग करणाऱ्याला बसायला हवा ना? इथे सगळ्यात उघड्यावर आहे तो ज्याने इतक्या वर्षांत दमडी खर्च केली नाही.

मला धर्माचा खरा प्रश्न इथे दिसतो. उद्या कुणी ती की काढून ११ लाख कॉइन हलवले तर नेटवर्कच्या लेखी ती सही अस्सलच, मग ही चोरी की सापडलेलं धन? यावर धर्मशास्त्रांनी भरपूर डोकं लावलंय. इस्लाममध्ये सापडलेल्या मौल्यवान वस्तूची वर्षभर जाहीर वाच्यता करावी लागते. ज्यू धर्मशास्त्रात मालकाने आशा सोडली का हे बघतात. मनुस्मृतीत (हो, महाडला १९२७ मध्ये जाळली तीच, आणि बरोबरच जाळली) बेवारस धन राजाने ३ वर्षं सांभाळायचं, तोवर मालक आला तर त्याचं, नाही आला तर राजाचं. तिन्हीकडे धनी परत येईल म्हणून वाट बघणं आहेच. बिटकॉइनमध्ये अडचण अशी की दवंडी पिटणारा कोण आणि राजा कोण? कुणीच नाही, त्यासाठीच तर ते बनवलं.

२०२५ मध्ये बिटकॉइनवर काम करणारे जेमसन लॉप आणि इतरांनी प्रस्ताव मांडला की आधी क्वांटमपुढे न टिकणाऱ्या जुन्या पत्त्यांवर पाठवणं बंद करायचं, मग काही वर्षांनी जुन्या सह्याच बाद, जे हलले नाहीत ते गोठले. कट्टर बिटकॉइनवाले यावर असे भडकले की मूर्तीच फोडली कुणी, कारण माझ्या कॉइनला माझ्याशिवाय कुणी हात लावणार नाही ही त्यांची श्रद्धाच आहे. माझं मत विचाराल तर गोठवावेत, पण मुदत भरपूर लांब द्यावी. जेलमध्ये असलेला माणूस, बापाची हार्ड डिस्क दहा वर्षांनी सापडलेली पोरगी, यांनाही वेळ मिळाला पाहिजे. ज्याच्याकडे मोठं मशीन त्याने सगळं उचलून न्यावं हे मला कुठल्याच धर्मात बसताना दिसत नाही.

राहिलं पापाचं. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०२१ मध्ये क्रिप्टो चलन म्हणून वापरणं हराम ठरवलं, पण कारण दिलं अनिश्चितता आणि नुकसान, क्वांटमचा त्यात संबंध नाही. आपल्याकडे असा निकाल देणारी एक गादीच नाही, तेव्हा काकांचं मत हे काकांचं, ऐकून घ्या, उलट बोलू नका. कर्ज काढून कॉइन घेतले असतील तर मात्र ते बरोबर बोलतायत, देव बाजूला ठेवला तरी.

तुमचे कॉइन एक्सचेंजवर, म्हणजे खरेदी-विक्रीच्या कंपनीकडे, असतील तर की त्यांच्याकडे, तुम्ही करण्यासारखं फार नाही. स्वतःच्या वॉलेटमध्ये असतील तर एकच पत्ता परत परत वापरू नका, वापरलेल्या पत्त्यावरचे नव्यावर हलवा, टॅपरूटचा सोडून. आणि क्वांटम-सेफ करून देतो म्हणत कुणी वॉलेट उघडणारे ते बारा किंवा चोवीस गुप्त शब्द मागितले, मग तो कपाळाला बुक्का लावून आला असला तरी, सरळ ब्लॉक करा.