घरातला फौजी : वाचकांचे प्रश्न

ज्यांच्या घरातलं कोणी लढाईवर जाऊन आलंय त्यांनी प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात लिहिलं होतं, तर पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून एवढे आलेत की सगळे बसत नाहीत. चार घेतो. मी पेन्शनीत आलेला फौजी आहे, इतिहासकार नाही, तेव्हा उत्तरं त्याच पद्धतीची येणार.

प्रश्न : पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले होते एवढंच माहितीय. ट्रंकेत तीन मेडलं आणि एक ग्रुप फोटो आहे, कागद एकही नाही. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, सातारा जिल्हा

अहो मेडल हाच कागद! आपल्या जवानांना दिलेल्या त्या काळच्या मेडलांवर बहुतेक वेळा नंबर, रँक, नाव आणि पलटण ठोकलेली असते, गोल मेडल असेल तर कडेवर आणि स्टार असेल तर पाठीमागे. उन्हात तिरपं धरा, मोबाईल झूम करून बघा, दिसतं. आणि हात जोडून सांगतो, ब्रासो लावू नका, घासून घासून अक्षरं गुळगुळीत झालेली मेडलं लोक कौतुकाने दाखवतात तेव्हा जीव तुटतो. रिबनवरूनही अंदाज येतो, लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल असेल तर इटली स्टार, मधे लाल, दोन्हीकडे निळा आणि त्या निळ्यात नारिंगी रेघ असेल तर बर्मा स्टार. पण रिबन नंतर कोणी बदललेली असू शकते, भरवसा अक्षरांवरच ठेवा.

नुसतं 'इटलीत होते' याने भागत नाही, बटालियन कळली पाहिजे. यशवंत घाडगेंना १० जुलै १९४४ च्या टायबर खोऱ्यातल्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ते तिसऱ्या बटालियनचे, आणि ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर जखमींना पाठीवरून आणणारे नामदेव जाधव पहिल्या बटालियनचे. म्हणजे पणजोबा नक्की कुठल्या नदीकाठी होते हे बटालियनवरून ठरणार. नंबर सापडला की मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या सेंटरच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, तो कसा लिहायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. त्यांच्याबरोबरचं कोणी तिकडेच लढाईत वारलं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर नाव फुकट शोधता येतं. फक्त स्पेलिंग चार तऱ्हेने टाकून बघा, साहेबाच्या कारकुनाने पवारचं काय केलं असेल सांगता येत नाही. दहन झालेल्या आपल्या जवानांची स्मारकं इटलीत सांग्रो नदीपाशी आणि फोर्लीला आहेत.

प्रश्न : पप्पा ७१ ला पहिल्या मराठात, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला. आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. लढाईत काय झालं विचारलं की 'काय व्हायचंय, झाली लढाई' म्हणतात आणि टीव्ही लावतात. आई म्हणते उकरू नको. – एक मुलगी, कोल्हापूर

ताई, प्रश्नच फार मोठा विचारताय. 'लढाईत काय झालं' याला तो माणूस कुठून सुरुवात करणार? आणि 'किती मारले' हे तर चुकूनसुद्धा नको, नातवंडांनी विचारलं तरी विषय बदला. बूट भिजले की काय करायचात विचारा. लंगरचं, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघराचं जेवण पुढे खंदकापर्यंत पोचायचं का, शेजारी कोण असायचं, तो घोरायचा का, डिसेंबरच्या थंडीत अंगावर काय होतं. एका हवालदाराला मी ब्लँकेट किती मिळायची एवढंच विचारलं होतं, तर गडी दोन जणांत एक पुरवायचो तिथून सुरू झाला तो थेट त्या दुसऱ्याच्या गावापर्यंत गेला, त्याच्या घरी निरोप कोणी नेला, आईने दारात काय विचारलं, सगळं स्वतःहून, मधे मी एक शब्द बोललो नाही.

जमालपूरचं तर तुमच्या हातात आयतं आहे. आपल्या ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली आणि पाकिस्तानी कर्नलने उत्तराबरोबर बंदुकीची गोळी पाठवली, हा किस्सा प्रसिद्ध आहे. पप्पांना फक्त विचारा, ही चिठ्ठीची गोष्ट तुम्हा जवानांना केव्हा कळली हो? मग दुसरं. ११ डिसेंबरला टांगाईलजवळ पॅराशूटने उतरलेली २ पॅरा ही छत्रीधारी बटालियन म्हणजे मूळची आपली तिसरी मराठाच, वर घाडगेंची म्हटली तीच, आणि पहिली मराठा तिला जाऊन मिळाली पुंगली पुलावर. तिथे ओळखीचं कोण निघालं विचारा. कोणी ना कोणी निघालं असणारच, दोन्हीकडे आपल्याच भागातली पोरं!

त्यांच्या पलटणीतला एखादा जोडीदार हयात असेल तर त्याला घरी बोलवा आणि तुम्ही चहा ठेवून बाजूला व्हा. दोन फौजी बसले की हिंदी सुरू होते आणि मग थांबत नाहीत. मोबाईलवर रेकॉर्ड करा पण सांगून, चोरून नको. आई म्हणते त्यातही तथ्य आहे, बोलल्यानंतर रात्री झोप लागत नसेल, दचकून उठत असतील तर लगेच थांबा आणि ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या डॉक्टरना मोकळेपणाने सांगा. आठवणी अर्ध्या राहिल्या तर राहू देत.

प्रश्न : आजोबा तोफखान्यात होते, ६५ ची लढाई सहा महिने चालली म्हणतात. इंटरनेटवर तर सतराच दिवस दिसतात. मी लिहून काढतोय, दुरुस्त करू का? – कॉलेजचा विद्यार्थी, नाशिक

अजिबात करू नकोस. ६ सप्टेंबरला लाहोरच्या बाजूने आपलं सैन्य गेलं, २३ ला युद्धबंदी झाली, ते तुझे सतरा दिवस. पण युद्धबंदी झाली म्हणून कोणी घरी आलं नाही रे, ताश्कंद करार झाला १० जानेवारी १९६६ ला आणि सैन्य मागे यायला फेब्रुवारी उजाडला. तोवर सगळे तिथेच खंदकात, तोफा तशाच समोर रोखलेल्या. सप्टेंबर ते फेब्रुवारी बोटावर मोज, आजोबांचा हिशोब बरोबर येतो. ते सांगतात तसं त्यांच्याच शब्दात लिही आणि तारखा खाली वेगळ्या दे. जवानाला आपल्या तोफेपुरतीच लढाई दिसते, शेजारच्या बॅटरीत, म्हणजे तोफांच्या तुकडीत काय चाललंय हेही कधी कधी दुसऱ्या दिवशी कळायचं, त्यामुळे पुस्तकाशी जुळत नाही म्हणजे म्हातारा फेकतोय असं समजू नये.

प्रश्न : आजोबा वारले, आजी आहे. तिच्याकडे ७१ ची पत्रं आहेत पण ती म्हणते मला काय माहिती, मी कुठे लढले. पत्रं घडीवर फाटायला लागलीत, लॅमिनेट करू का? – एक नात, सोलापूर

आजी नाही लढली तर कोण लढलं? शेत, सासू, लहान पोरं आणि रेडिओवरच्या बातम्या, हे सगळं एकटीने. विचारा तिला मनीऑर्डर यायची बंद झाली तेव्हा काय केलंत, पत्र वाचून कोण दाखवायचं, आणि वाचणाऱ्यासमोर मनातलं उत्तर कसं लिहून घ्यायचीस. त्या पत्रांत 'मी खुशाल आहे, काळजी नसावी' याच्यापुढे फारसं काही नसेल, कारण कुठे आहोत ते लिहायची परवानगीच नव्हती, पत्ता मार्फत एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय, एवढाच. म्हणून दोन पत्रांच्या मधल्या दिवसांबद्दल विचारा, ते फक्त तिलाच माहितीय.

लॅमिनेशन नको, सेलोटेप तर नकोच, पिवळी पडते आणि शाई घेऊन निघते. घडी हलक्या हाताने उलगडा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पाकिटाचेसुद्धा, कारण शिक्क्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारीख असते आणि त्यावरून जाणकाराला युनिट तेव्हा कुठे होतं ते काढता येतं. मग एकेक पत्र साध्या कागदी पाकिटात घालून पत्र्याच्या ट्रंकेऐवजी कपाटात, ओल लागणार नाही असं ठेवा.