आर्किटेक्ट होण्याआधीची वर्षे

प्रिय विद्यार्थिनी,

सस्नेह नमस्कार. संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच आपल्याला आयटी आर्किटेक्ट, म्हणजे संगणक प्रणालींची आखणी करणारी व्यक्ती, व्हायचे आहे, हे तुम्ही इतक्या स्पष्टपणे लिहिले आहे, याचा आनंद वाटला. क्लाउड आर्किटेक्टचे किंवा टोगॅफ या आखणीच्या पद्धतीचे प्रमाणपत्र आत्ताच घेतले तर या पदापर्यंत लवकर पोहोचता येईल का, पुढे प्रोग्रॅमिंग सुटते का, आणि चारचौघांत बोलताना संकोच वाटणाऱ्या व्यक्तीला हे काम झेपेल का, असे तुमचे प्रश्न आहेत. त्याशिवाय हाती आलेल्या दोन नोकऱ्यांपैकी कोणती स्वीकारावी, हेही तुम्ही विचारले आहे: एका ठिकाणी पगार जास्त, पण दर सहा महिन्यांनी नवा प्रकल्प, दुसऱ्या ठिकाणी पगार कमी, पण अनेक वर्षे वापरात असलेल्या एकाच प्रणालीवर काम.

प्रमाणपत्राचा विचार करण्यापूर्वी आर्किटेक्टला नेमके काय करावे लागते ते पाहू. जे निर्णय एकदा घेतल्यावर बदलणे फार महाग पडते, ते वेळेवर ओळखणे, त्यांची किंमत संबंधितांना समजावून सांगणे आणि मग त्यांची जबाबदारी घेणे, हा या कामाचा गाभा आहे. समजा, एखाद्या प्रणालीची उपलब्धता ९९.९ टक्के असावी अशी मागणी आली. याचा अर्थ ती वर्षभरात सुमारे पावणेनऊ तास बंद राहिली तरी चालेल. मागणी ९९.९९ टक्के झाली की ही मुभा जेमतेम ५३ मिनिटांवर येते. आता एक विनंती पूर्ण होण्यासाठी ९९.९ टक्के उपलब्धता असलेल्या तीन सेवा एकापाठोपाठ चालाव्या लागत असतील आणि त्यांचे बिघाड एकमेकांशी संबंधित नसतील, तर एकत्रित उपलब्धता ९९.७ टक्क्यांच्या आसपास घसरते आणि बंद राहण्याचा संभाव्य काळ वर्षाला २६ तासांवर जातो. हे गणित कोणालाही करता येईल. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो. खरोखर इतकी उपलब्धता हवी आहे का, त्यासाठी जादा सर्व्हर, डेटाच्या प्रती आणि रात्रीची ड्यूटी यांचा खर्च करण्याची संस्थेची तयारी आहे का, आणि नसेल तर कोणती सेवा काही काळ बंद राहिलेली चालेल, हे कोणीतरी विचारावे लागते आणि मिळालेले उत्तर आराखड्यात उतरवावे लागते.

दुसरे उदाहरण अभ्यासक्रमात तुम्ही वाचले असेलच. संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडलेला आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ साली सिद्ध केलेला कॅप सिद्धांत सांगतो की, नेटवर्क मधूनच तुटले असताना अनेक संगणकांवर विखुरलेल्या प्रणालीला डेटाची पूर्ण सुसंगती आणि प्रत्येक विनंतीला उत्तर या दोन्हींची हमी देता येत नाही. परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळतात. कामावर मात्र प्रश्न असा येतो की, वस्तूंच्या साठ्याचा आकडा थोडा जुना दाखवला तर चालेल का, आणि खात्यातील शिल्लक खात्रीने सांगता येत नसेल तर व्यवहार नाकारायचा का. याचे उत्तर तंत्रज्ञानात मिळत नाही. ज्याचा व्यवसाय आहे त्याच्याशी बोलूनच ते ठरवावे लागते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, प्रमाणपत्राची घाई आत्ता करू नये. टोगॅफ ही द ओपन ग्रुपची १९९५ पासून विकसित होत आलेली पद्धती संपूर्ण संस्थेच्या पातळीवरील आखणीसाठी आहे. अनेक विभाग, त्यांच्या कार्यपद्धती आणि त्यांच्या जुन्या प्रणाली यांचा अनुभव नसलेल्या वाचकासाठी तिच्यातील संज्ञा पाठांतरापुरत्याच उरतात. क्लाउडची प्रमाणपत्रे तुलनेने लवकर उपयोगी पडतात, तरीही वर्ष-दीड वर्ष प्रत्यक्ष काम केल्यावर तोच अभ्यास तुम्हाला कितीतरी खोलवर समजेल.

आर्किटेक्टची दृष्टी घडते ती आपण घेतलेल्या निर्णयाचे परिणाम भोगेपर्यंत त्या कामाजवळ थांबल्याने, आणि या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ सालच्या आपल्या लेखात मांडले होते की, प्रणालीची विभागणी प्रक्रियेच्या पायऱ्यांनुसार न करता पुढे बदलू शकतील अशा निर्णयांनुसार करावी आणि असा प्रत्येक निर्णय एकेका मॉड्यूलच्या, म्हणजे प्रणालीच्या स्वतंत्र भागाच्या, आत झाकून ठेवावा. हा विचार वाचून पटतो, पण कोणता निर्णय बदलेल याचा अंदाज मात्र वाचनाने येत नाही. तुम्ही आखलेल्या डेटाबेसच्या टेबलात दोन वर्षांनी नवी गरज बसेनाशी होते, तुम्ही लिहिलेली सेवा वाढत्या भाराखाली मध्यरात्री कोलमडते, आणि ती दुरुस्त करण्याची वेळ तुमच्यावरच येते, तेव्हा तो अंदाज हळूहळू येऊ लागतो. त्यासाठी प्रॉडक्शनची, म्हणजे प्रत्यक्ष वापरात असलेल्या प्रणालीची, जबाबदारी टाळू नका, ऑन-कॉलची, म्हणजे बिघाड झाल्यास केव्हाही धावून जाण्याची, पाळी आली तर ती स्वीकारा आणि बिघाडानंतरच्या आढावा बैठकीला आवर्जून बसा.

याच्या जोडीला एक सवय पहिल्या महिन्यापासून लावून घ्या. सॉफ्टवेअर आर्किटेक्ट मायकेल नायगार्ड यांनी २०११ साली निर्णयांची नोंद ठेवण्याचा एक साधा नमुना सुचवला: परिस्थिती काय होती, काय ठरले, त्या निर्णयाची सद्यस्थिती काय आणि त्याचे परिणाम कोणते, एवढेच एक-दोन पानांत लिहायचे. तुमच्या हाती निर्णय नसले तरी वरिष्ठांनी घेतलेल्या निर्णयांची अशी नोंद स्वतःसाठी करा, नाकारलेले पर्यायही लिहा, आणि वर्षभराने ती पुन्हा उघडून कोणता अंदाज खरा ठरला व कोणता चुकला ते त्याखाली नोंदवा. अशी वीस-पंचवीस पाने जमली की मुलाखतीत सांगण्यासारखे तुमच्याकडे पुष्कळ असेल.

प्रोग्रॅमिंगविषयीची तुमची चिंता थोडक्यात दूर करता येईल. एका प्रणालीची आखणी करणाऱ्या सोल्यूशन आर्किटेक्टपासून सर्व संस्थेचा विचार करणाऱ्या एंटरप्राइज आर्किटेक्टपर्यंत जसजसे वर जावे, तसतसा कोड लिहिण्याचा वेळ घटतो हे खरे आहे. तरीही सर्वांत जोखमीच्या भागाचा प्रायोगिक नमुना स्वतः लिहिणारा आणि कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे इतरांचा कोड तपासण्यात, नियमित भाग घेणारा आर्किटेक्टच टीमला आपला वाटतो.

संकोचाबद्दल तुम्ही प्रांजळपणे लिहिलेत, म्हणून त्याचे उत्तरही तितक्याच गांभीर्याने देणे आवश्यक आहे. संगणकशास्त्रज्ञ मेल्व्हिन कॉनवे यांनी १९६८ साली नोंदवले की, संस्थेतील माणसांचा परस्परसंवाद जसा असतो तशीच त्या संस्थेने बनवलेल्या प्रणालीची रचना होते. म्हणजे दोन टीम एकमेकींशी बोलत नसतील तर त्यांच्या प्रणालींमधील जोडही कच्चाच राहणार, आणि तो सुधारण्यासाठी माणसांत मिसळणे आर्किटेक्टला टाळता येत नाही. मात्र त्यासाठी वक्तृत्व लागत नाही. नेमका प्रश्न विचारणे, समोरच्याचे पूर्ण ऐकणे आणि ऐकलेले स्वच्छ लिहून सर्वांना पाठवणे, यांवर बरेचसे काम होते. सायमन ब्राउन यांच्या सी-फोर पद्धतीत एकाच प्रणालीचे चित्र ढोबळापासून बारकाव्यांपर्यंत चार पातळ्यांवर काढतात. त्यांपैकी पहिली पातळी तांत्रिक माहिती नसलेल्या व्यक्तीलाही समजते. तुमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची पहिल्या दोन पातळ्यांची चित्रे काढा आणि संगणक क्षेत्राबाहेरच्या एखाद्या व्यक्तीला समजावून सांगा. ती जिथे अडेल, तिथे बहुधा तुमचाही विचार अपुरा असेल.

आता नोकरीविषयी. घरची आर्थिक निकड नसेल तर दुसरी, म्हणजे एकाच प्रणालीवरची नोकरी स्वीकारावी, असे मी सुचवेन. निकड असेल तर पहिली घेण्यात काहीही कमीपणा नाही, फक्त दोन-तीन वर्षांनी एका जागी टिकून काम करता येईल अशी संधी शोधा. होकार कळवण्यापूर्वी दुसऱ्या कंपनीला एवढे मात्र विचारा की, कोड लिहिणारेच तो प्रॉडक्शनमध्ये सांभाळतात का आणि आखणीच्या चर्चांना नव्या व्यक्तीला बसू देतात का. दोन्हींचे उत्तर नकारार्थी आले, तर केवळ प्रणाली जुनी आहे म्हणून तिथे जाण्यात फारसा लाभ नाही. तसे झाल्यास मला पुन्हा लिहा, आपण पहिल्या नोकरीचा नव्याने विचार करू.

आपली हितचिंतक,
करिअर मार्गदर्शक