समुद्रकिनाऱ्यावरून छापचित्र कसं घडतं?

किनाऱ्यावरचं स्केच प्लेटवर जसंच्या तसं उतरवता का, लाट कशी कोरता आणि सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय.

जसंच्या तसं कधीच नाही. माझ्या स्केचबुकात चित्रं कमी, नोंदी जास्त असतात. पाणी कुठवर ओसरलंय, ऊन कुठून येतंय, खडक कुठे ओला आणि कुठे कोरडा आहे. ओला खडक कोरड्यापेक्षा कितीतरी काळा दिसतो, आणि तेवढ्या फरकावर अख्खं छापचित्र उभं राहू शकतं. फोटो मी टाळते. त्यात सगळंच येतं, मग काय गाळायचं हेच सुचेनासं होतं.

लिनोमध्ये, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून छापण्याच्या पद्धतीत, कोरून काढलेला भाग पांढरा राहतो, उरलेल्या भागाला शाई लागते. म्हणून लाटेच्या रेषा काढत बसू नका. फेस तेवढा कोरून काढा, पाणी शाबूत ठेवा. जपानी चित्रकार होकुसाईची १८३१च्या सुमाराची ती प्रसिद्ध लाट नीट पाहा: तिचा फेस म्हणजे बराचसा रंग न लागलेला कागदच आहे.

माझा जीव मात्र ॲक्वाटिंटमध्ये अडकलाय. हा एचिंगचा, म्हणजे धातूची प्लेट द्रावणाने खाववून छापण्याचा, एक प्रकार. तांब्याच्या प्लेटवर राळेची बारीक पूड पसरून खालून ताप दिला की कण प्लेटला चिकटतात. प्लेट फेरिक क्लोराइडमध्ये ठेवली की द्रावण कणांच्या मधलं तांबं खातं. थोड्या वेळाने बाहेर काढून, जो भाग फिकट हवा तो वार्निशने झाकायचा आणि प्लेट पुन्हा आत सोडायची. लिनोच्या उलट इथे खाल्लेल्या जागेतच शाई भरते, म्हणून जो भाग द्रावणात जास्त वेळ उघडा राहील तो जास्त गडद. ओहोटीचं पाणी टप्प्याटप्प्याने मागे सरतं तेव्हा वाळूवर ओलीचे पट्टे उमटतात, वरचे सुकून फिकट झालेले, पाण्याजवळचे काळपट. ॲक्वाटिंटच्या पायऱ्या अगदी तशाच पडतात, म्हणून ओल्या वाळूसाठी मला दुसरं माध्यम सुचतच नाही. कातळाचा खरखरीतपणा हवा असेल तर मात्र कोलाग्राफ बरा. पुठ्ठ्यावर वाळूच चिकटवायची आणि तिच्यावरून ठसा घ्यायचा.

एक गोष्ट सगळ्यांनाच छळते. छापताना चित्र उलटं होतं, डावीकडचा सुळका उजवीकडे जातो. ओळखीची जागा दाखवायची असेल तर ट्रेसिंग पेपर उलटा ठेवून आकृती उतरवा. मला स्वतःला त्याचं फारसं काही वाटत नाही, नकाशा थोडाच काढतोय! क्षितिज मात्र जपा. ते केसभर कललं तरी समुद्र सांडल्यासारखा दिसतो. मी बऱ्याचदा ते चौकटीबाहेरच ठेवते.

सुरुवातीला लिनोच घ्या, तळहाताएवढा तुकडा आणि एकच शाई. त्याला प्रेस लागत नाही, कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासलं तरी ठसा येतो. एचिंगला द्रावण, हवा खेळती असलेली खोली आणि प्रेस लागते, तेव्हा ते एखाद्या सामायिक स्टुडिओत जाऊनच शिका.