वाचकांच्या शंका : रक्ताचा कर्करोग पोटातच सुरू होतो का?

प्रश्न : माझ्या भावाच्या ४ वर्षांच्या मुलीला ए.एल.एल. हा रक्ताचा कर्करोग निघाला. डॉक्टर म्हणाले, सुरुवात बहुधा ती पोटात असतानाच झाली असेल. तेव्हापासून घरात वहिनीला बोल लावणं चाललंय. ग्रहणात विळीवर बसली म्हणे, सातव्या महिन्यात दाताचा एक्स-रे काढला म्हणे. यात काही तथ्य आहे का? हे आनुवंशिक असतं का? – एक वाचक, कागल

उत्तर : वहिनींचा यात काडीचाही दोष नाही, हे आधी घरातल्या थोरामोठ्यांना सांगा. डॉक्टरांचं म्हणणं मात्र बरोबर आहे.

गर्भाच्या यकृतात आणि पुढे अस्थिमज्जेत रक्तपेशी झपाट्याने तयार होत असतात. या धबडग्यात एखाद्या पेशीतली १२ आणि २१ क्रमांकाची गुणसूत्रं तुटतात आणि तुकडे उलटसुलट जोडले जातात. ईटीव्ही६ आणि रनएक्स१ ही एरवी वेगळी असणारी जनुकं त्यामुळे एकमेकांना चिकटतात. ए.एल.एल. झालेल्या सुमारे पाव मुलांत हाच सांधा सापडतो. आणखी बऱ्याच मुलांच्या कर्करोगपेशींत ४६ ऐवजी ५० हून जास्त गुणसूत्रं असतात. तीही गडबड बहुधा जन्माआधीचीच.

हे कळलं कसं? काही देशांत नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदी कार्डावर घेऊन वर्षानुवर्षं जपून ठेवतात. लंडनचे कर्करोग-संशोधक मेल ग्रीव्ह्ज यांच्या गटाने १९९० च्या दशकाअखेर, पुढे आजारी पडलेल्या मुलांची अशी जुनी कार्डं काढून तपासली. ज्या जागी डीएनए तुटतो ती जागा दर रुग्णात निराळी असते. कार्डावरच्या वाळलेल्या थेंबात नेमकी त्या-त्या मुलाचीच जागा सापडली. म्हणजे जन्माच्या दिवशीच ती पेशी रक्तात होती.

पण एवढ्याने कर्करोग होत नाही. निरोगी बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं तर शंभरातल्या एखाद्यात तरी हा सांधा दिसतो. नंतरच्या एका पद्धतीने हा आकडा ५ पर्यंत गेला. त्यातली अगदी थोडी, शंभरात फार तर एखादं, पुढे आजारी पडतात. म्हणूनच सगळ्या नवजात बाळांची ही तपासणी करत नाहीत. शेकडो आईबापांना फुकटचा घोर लागेल. जन्मानंतर त्याच पेशीत दुसरा बिघाड व्हावा लागतो. प्रतिकारपेशी प्रतिपिंडं बनवताना रॅग नावाच्या विकराने स्वतःचा डीएनए कापतात, ही कात्री भलतीकडे चालते आणि उरलेलं शाबूत जनुकही कापलं जातं. २ ते ५ वर्षं हे या आजाराचं नेहमीचं वय आहे ते यामुळेच.

आता आनुवंशिकतेचं. हा बिघाड फक्त रक्तपेशीतला. आईच्या बीजात नाही, वडिलांच्याही नाही. काही थोड्या घराण्यांत कर्करोगाची जनुकीय प्रवृत्ती खरोखर असते, पण त्याचा संशय डॉक्टर घरातल्या इतर आजारांवरून घेतात. दाताच्या एक्स-रेमध्ये गर्भाशयापर्यंत पोचणारा डोस नगण्य असतो. १९५० च्या दशकात ब्रिटिश डॉक्टर ॲलिस स्ट्युअर्ट यांनी संबंध दाखवला तो गरोदर बाईच्या पोटाच्या एक्स-रेचा, आणि तेव्हाचे डोस मोठे होते. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतोच. विळी आणि ग्रहणाबद्दल काय लिहावं!

एक कामाची गोष्ट. १२-२१ चा हा सांधा साध्या कॅरिओटाइपमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं बघण्याच्या तपासणीत, दिसत नाही. फिश किंवा पीसीआर ही नेमका तो सांधा शोधणारी तपासणी करावी लागते. ती झाली का, हे फाइलमध्ये बघा. हा प्रकार उपचारांना चांगली दाद देणाऱ्यांतला आहे.

प्रश्न : प्रसूतीच्या आधीच नाळेचं रक्त साठवणाऱ्या कंपनीचा माणूस घरी आला. ‘मुलाला ब्लड कॅन्सर झाला तर त्याचंच रक्त उपयोगी पडेल’ म्हणतो. पैसे भरावेत का? – राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : त्या कारणासाठी तर मुळीच भरू नका. वरचं उत्तर वाचलंत तर लक्षात येईल, आजाराचं मूळ असलेली पेशी त्याच पिशवीत असू शकते. शिवाय स्वतःच्याच पेशी उरलेल्या कर्करोगपेशींना परक्या मानून मारत नाहीत. प्रत्यारोपणाची वेळ आलीच, तर दाता दुसराच लागतो. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता ४ पैकी १ असते.

प्रश्न : जुळ्यांपैकी एकाला ए.एल.एल. आहे. दुसऱ्यालाही होईल का? – इचलकरंजी

उत्तर : जुळी एकसारखी आहेत का आणि वार एकच होती का, यावर सगळं अवलंबून. बाळंतपणाच्या किंवा सोनोग्राफीच्या कागदावर ‘मोनोकोरिऑनिक’ (म्हणजे दोघांची वार एकच) लिहिलंय का पाहा. सामाईक वारेतून एका गर्भातली बिघडलेली पेशी दुसऱ्यात जाते. अशा जोडीत वर सांगितलेल्या प्रकाराचा धोका १० ते १५ टक्के धरतात. आजार वर्षाच्या आत आणि केएमटी२ए या जनुकातल्या बिघाडाचा असेल, तर दुसरंही मूल जवळजवळ नक्कीच आजारी पडतं, तेही थोड्याच महिन्यांत. वेगळ्या वारेच्या, वेगळ्या चेहऱ्यांच्या जुळ्यांना साध्या भावंडांइतकाच धोका.

दुसऱ्या मुलाची सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) किती दिवसांनी करायची ते कर्करोगतज्ज्ञांकडून ठरवून घ्या, आणि पॅथॉलॉजिस्टने रक्ताची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहावी असं लॅबला सांगा. नुसत्या मशीनच्या आकड्यांवर जाऊ नका. उतरत नसलेला ताप, फिकेपणा, विनाकारण काळेनिळे डाग, रात्री हाडं दुखणं, लंगडणं दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. आणि निदान होईपर्यंत डेक्सा किंवा प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडं कुणालाही देऊ देऊ नका. स्टेरॉइडने कर्करोगपेशी काही दिवस कमी होतात, ताप उतरतो, आणि तपासणीत खरं चित्र झाकलं जातं.

प्रश्न : आमच्या नवजात नातवाला डाउन सिंड्रोम आहे. डॉक्टरांनी लगेच स्लाइड का मागवली? – गडहिंग्लज

उत्तर : या बाळांपैकी सुमारे दहातल्या एकाच्या रक्तात जन्मतः अपक्व पेशी वाढलेल्या असतात. त्यामागचा गाटा१ जनुकातला बदल गर्भाच्या यकृतातच झालेला असतो. बहुतेकांत हे पहिल्या ३ महिन्यांत आपोआप विरतं, पण यकृत फार सुजलं किंवा श्वासाला त्रास झाला तर थोड्या डोसची केमो द्यावी लागते. विरल्यानंतरही अशा २० ते ३० टक्के मुलांना ४ वर्षांच्या आत मायलॉइड प्रकारचा ल्युकेमिया (ए.एल.एल.हून वेगळा रक्ताचा कर्करोग) होतो. म्हणून स्लाइडमध्ये दोष आढळला तर २ वर्षांपर्यंत दर ३ महिन्यांनी आणि पुढे ४ वर्षांपर्यंत दर ६ महिन्यांनी सीबीसी करायची. प्लेटलेट हळूहळू घसरत असतील, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.